कर्करोगाची पेशी कुंपण कसे ओलांडते?

(पांढुर्णा व सौंसर परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर वाचावयाच्या व्याख्यानाचा मजकूर)

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मात्र येथील बोली, येथील बाजार आणि मोठ्या दुखण्यात धरावयाची वाट ही पूर्वीपासून नागपूरकडेच वळलेली आहे. या मुलखातील बागायतदाराला डिंक्या रोग ठाऊक नाही असे सहसा होत नाही. जमिनीलगत खोडाची साल ओलसर व काळपट होते, तिला चिरा पडतात आणि त्यांतून डिंक पाझरू लागतो. फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे हा रोग होतो. ही बुरशी सालीत शिरते ती केवळ जोराने नव्हे. ती आपल्या अंगातून असे काही रस सोडते की, सालीतील पेशींच्या भिंती त्यांमुळे विरघळतात आणि तिला पुढे जाण्यास वाट मिळते. जाणता बागायतदार अशा वेळी थांबत नाही. धारदार चाकूने रोगट साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढतो आणि त्या जागी बोर्डो मलम लावतो. खोडाला चहूकडून वेढा पडला, म्हणजे मात्र झाड वाचविणे कठीण होते.

माणसाच्या शरीरात कर्करोगाची पेशी सभोवतालच्या ऊतीत ज्या रीतीने शिरते, ती रीत डिंक्याच्या रीतीशी पुष्कळ अंशी मिळतीजुळती आहे. एक भेद मात्र आहे. बुरशी ही बाहेरून आलेली असते. कर्करोगाची पेशी ही शरीराचीच, पण मर्यादा सोडून वागू लागलेली पेशी असते. ती आपली वाट कशी कापते, तिच्या हातातील कात्री बंद करणारी औषधे शास्त्रज्ञांनी कशी शोधली, त्या औषधांनी अपेक्षाभंग का केला, आणि त्या अपेक्षाभंगातून खेड्यातील माणसाने कोणता बोध घ्यावा, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पेशींची वस्ती आणि तिचे कुंपण

विषय समजण्यास गालाच्या आतील अस्तराचे उदाहरण घ्यावे, कारण या भागात तोंडाचा कर्करोग हाच सर्वांच्या परिचयाचा आहे. हे अस्तर एकावर एक रचलेल्या पेशींच्या थरांचे असते. विटांच्या भिंतीप्रमाणे या पेशी परस्परांना घट्ट धरून असतात. त्यांच्या खाली एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला आधारपटल म्हणतात. आधारपटलाच्या खाली संयोजी ऊती असते. तिच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोरखंडासारखे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्यांच्या मधून रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या जातात. त्वचा, हाडे, सांधे, स्नायुबंध या सर्वांना बळकटी देणारे प्रथिन ते हेच.

वरच्या अस्तरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे बिघडलेल्या पेशी जोपर्यंत आधारपटलाच्या वर आहेत, तोपर्यंत त्यांना दूर जाण्यास रस्ताच नसतो. रोग असतो, पण तो जागच्या जागी असतो. शेताच्या धुऱ्याआड असलेले तण जसे शेजारच्या शेतात गेलेले नसते, तसाच हा प्रकार आहे. आधारपटल भेदले गेले, म्हणजे पेशी कोलॅजेनच्या जाळ्यात उतरते, तेथून लसीकावाहिनीत शिरते आणि मानेतील लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचते. पुढे रक्तावाटे ती फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवातही जाऊन राहू शकते. रोग्याचा जीव जाण्यास मुख्यतः हा प्रसारच कारणीभूत होतो.

दूर गेलेली प्रत्येक पेशी रुजतेच असे नाही. स्टीफन पॅजेट या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये बी आणि जमीन यांचा दृष्टांत देऊन सांगितले की, बी सर्वत्र पडते, परंतु मानवेल त्याच जमिनीत ते उगवते. हा विचार शास्त्रज्ञ आजही प्रमाण मानतात. तथापि बी जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी कुंपण ओलांडले गेले पाहिजे. ते कसे ओलांडले जाते याचा शोध एका बेडकाच्या पिल्लापासून सुरू झाला.

कात्री आणि कुलूप

पावसाळ्यात नाल्याकाठच्या डबक्यांत बेडकाची शेपटीवाली पिल्ले, म्हणजेच भैकेर, वळवळताना लहानथोर सर्वांनी पाहिलेली असतात. त्यांना पाय फुटतात आणि पुढे त्यांची शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही. ती आतल्या आत विरून जाते. शेपटीतील चिवट कोलॅजेन विरते कसे, असा प्रश्न अमेरिकेतील जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांना पडला. त्यांनी कोलॅजेनच्या गोठवलेल्या थरावर भैकेराच्या शेपटीतील जिवंत त्वचेचे तुकडे ठेवले, तेव्हा तुकड्यांभोवतीचा थर विरघळत असल्याचे त्यांना आढळले. १९६२ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. कोलॅजेन कातरणारे विकर, ज्याला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, त्याची अशी ओळख पटली.

विकर म्हणजे शरीरातील रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. दुधात विरजण घातल्यावर त्याचे दही होते किंवा तोंडातील लाळेमुळे भाकरीचा घास गोड लागू लागतो, तेव्हा विकरांचेच काम चाललेले असते. कोलॅजेन व तत्सम प्रथिने कातरणाऱ्या विकरांचे एक मोठे कुटुंब पुढे उजेडात आले. त्याचे शास्त्रीय नाव मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज असे लांबलचक असल्याने सोयीसाठी त्यांना एमएमपी म्हणतात. माणसाच्या शरीरात अशी २३ विकरे आहेत. प्रत्येकाच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो. कात्रीच्या खिळ्याप्रमाणे त्याच्याविना कातरण्याचे काम होत नाही.

ही विकरे मुळात शत्रू नव्हेत. जखम भरून येताना जुने तंतू काढावे लागतात. बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत लहान व्हावे लागते. वाढत्या मुलाचे हाड सतत मोडून नव्याने घडवावे लागते. ही सारी कामे या कात्र्यांवाचून होत नाहीत. त्या भलत्या वेळी चालू नयेत म्हणून शरीराने कुलपेही ठेवलेली आहेत. एमएमपींना जाऊन चिकटणारी आणि त्यांचे काम थांबविणारी चार प्रथिने माणसाच्या शरीरातच तयार होतात. हेच नैसर्गिक निरोधक होत. निरोगी ऊतीत कात्री आणि कुलूप यांचा तोल सांभाळलेला असतो.

कर्करोगात हा तोल बिघडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील लान्स लिओटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, उंदरांतील ज्या अर्बुदांच्या पेशी अधिक पसरतात, त्या आधारपटलातील कोलॅजेनही अधिक प्रमाणात कातरतात. पुढील संशोधनात असे दिसून आले की, आक्रमक पेशी आपल्या अंगाला पायांसारखे सूक्ष्म फुटवे काढते आणि या फुटव्यांच्या टोकाशी कात्र्या आणून ठेवते. एवढ्यावर ती थांबत नाही. आसपासच्या निरोगी पेशींनाही ती रासायनिक निरोप धाडून त्यांच्याकडून आणखी विकरे तयार करवून घेते. गावात शिरलेल्या चोराने घरच्याच माणसाकडून कडी काढवून घ्यावी, त्यातला हा प्रकार.

खर्रा आणि आखडलेले तोंड

कात्री व कुलूप यांचा तोल बिघडल्याचे एक उदाहरण या भागातील गावोगाव पाहावयास मिळते, आणि ते उलट्या बाजूचे आहे. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात धरणाऱ्या माणसाचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. तिखट सहन होत नाही, गाल आतून पांढुरके व ताठ होतात, मोठा घास घेता येत नाही. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. वैद्यकात त्याला सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखालील ऊती तंतुमय होणे, असे म्हणतात.

या विकाराचे मुख्य कारण सुपारी आहे. सुपारीतील द्रव्यांमुळे कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी उत्तेजित होतात. तिच्यातील तांब्यामुळे कोलॅजेनचे तंतू एकमेकांना जखडणाऱ्या विकराला जोर मिळतो. शिवाय अनेक अभ्यासांत असे आढळले आहे की, अशा तोंडात कोलॅजेन कातरणाऱ्या विकरांचे काम मंदावलेले आणि त्यांना रोखणाऱ्या नैसर्गिक निरोधकांचे प्रमाण वाढलेले असते. थोडक्यात, नवे तंतू पडत राहतात, जुने काढले जात नाहीत आणि तोंड आखडते. निरोधक वाढले की नेहमी हितच होते असे नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढील कथाभागात तिचा उपयोग आहे.

या आखडलेल्या अस्तरात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला, असे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. कर्करोग झाल्यावर मात्र चित्र पालटते. आतापर्यंत मंद असलेल्या कात्र्या बिघडलेल्या पेशींच्या भोवती पुन्हा चालू लागतात. पण त्या आता शरीराच्या हितासाठी नसून आक्रमणासाठी चालतात.

निरोधक औषधांची कसोटी

कात्री ओळखली गेली, तेव्हा तिचे तोंड बंद करावे हा विचार ओघानेच आला. शास्त्रज्ञांनी अशी औषधे घडविली की, जी विकराच्या खाचेत जाऊन बसतील आणि तेथील जस्ताच्या अणूला धरून ठेवतील. बॅटिमास्टॅट हे त्यांपैकी पहिले महत्त्वाचे औषध. ते तोंडावाटे देऊन अंगी लागत नसे. त्यानंतर मॅरिमास्टॅट हे गोळीच्या रूपाने घेता येण्याजोगे औषध आले. उंदरांवरील प्रयोगांत अशा औषधांमुळे अर्बुदांची वाढ व प्रसार कमी झाल्याचे दिसून आले होते. १९९० नंतरच्या दशकात पुष्कळांची अशी समजूत झाली की, कर्करोगाला जागच्या जागी कोंडून ठेवणारी गोळी आता हाताशी आली.

माणसांवरील चाचण्यांनी ही आशा फोल ठरविली. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मॅरिमास्टॅटची तुलना नेहमीच्या औषधाशी करण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्या औषधाने रोग्यांचे आयुष्य अधिक वाढले नाही. टॅनोमास्टॅट या त्याच गटातील दुसऱ्या औषधाची चाचणी तर १९९९ मध्ये थांबवावी लागली; कारण फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात, औषध घेणाऱ्यांची स्थिती निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट असल्याचे आढळून आले. मॅरिमास्टॅट घेणाऱ्या अनेकांचे खांदे व हातांचे सांधे दुखू लागले आणि आखडू लागले. सांध्यांतील कोलॅजेनची रोजची झाडलोट थांबल्याने असे घडले असावे, असे मानले जाते. पुढे केवळ एकाच विकराला नेमके धरणारे औषधही करून पाहण्यात आले. जठराच्या कर्करोगातील त्याची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही रोग्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

अपयशाची तीन कारणे

हे अपयश का आले, याचा शास्त्रज्ञांनी कसून शोध घेतला. त्यातून निघालेली कारणे औषधापेक्षाही अधिक शिकवून जातात.

पहिले कारण वेळेचे. नव्या औषधाची चाचणी बहुधा ज्यांचा रोग बराच पुढे गेला आहे अशा रोग्यांवर होते. त्यांच्या शरीरात पेशींनी कुंपण केव्हाच ओलांडलेले होते. पीक खाऊन गेल्यावर धुऱ्यावर काटे लावल्याने काय साधणार? उंदरांवरील प्रयोगात औषध रोगाच्या आरंभी दिले गेले होते. माणसाला ते शेवटी मिळाले.

दुसरे कारण निवडीचे. आरंभीची औषधे जवळजवळ सर्वच कात्र्यांना सरसकट बंद करीत. परंतु या कुटुंबातील काही विकरे शरीराचे रक्षणही करतात. २००३ मध्ये असे दाखविण्यात आले की, एमएमपी-८ हे विकर ज्या उंदरांत नव्हते, त्यांतील नरांमध्ये त्वचेची अर्बुदे अधिक झाली. चोराला पकडताना राखणदारालाही कोंडून ठेवण्यासारखे ते झाले.

तिसरे कारण सर्वांत विलक्षण आहे. रानडुक्कर कुंपण मोडून शेतात शिरते. कोल्हा मात्र काही न मोडता फटीतून अंग चोरून आत येतो. कर्करोगाची पेशी ही दोन्ही रूपे घेऊ शकते. कॅटारिना वोल्फ, पीटर फ्रीडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलॅजेनच्या जाळ्यातून जाणाऱ्या पेशींचे निरीक्षण केले आणि त्यांची सर्व कातरण्याची साधने निरोधकांनी बंद केली. पेशी थांबतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी आपला आकार बदलला. लांबट पेशी गोल व लवचिक झाल्या आणि अमीबाप्रमाणे अंग आवळीत तंतूंमधील फटींतून पुढे सरकल्या. हे संशोधनही २००३ मधलेच.

मग कात्रीची गरजच नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर त्याच शास्त्रज्ञांच्या २०१३ मधील संशोधनात मिळते. पेशी आपले सर्व अंग आवळू शकली, तरी तिच्या मधोमध असलेले केंद्रक हे त्यामानाने ताठ असते. ते एका मर्यादेपलीकडे दाबले जात नाही. जाळ्यातील फट केंद्रकाच्या छेदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याहून लहान झाली, म्हणजे निरोधक दिलेली पेशी अडकून पडते. फट मोठी असेल तर ती कात्रीवाचून निघून जाते. ऊती विरळ आहे की दाट, यावर निरोधकाचा परिणाम असा अवलंबून राहतो. एकच औषध सर्व अवयवांत सारखे लागू पडेल, ही अपेक्षाच त्यामुळे अपुरी ठरते.

यावरून विकरांना रोखणे हा मार्गच व्यर्थ आहे, असे मात्र कोणी समजू नये. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात पेशींच्या बेसुमार वाढीस कारण होणाऱ्या विकराला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून वापरात आहे, आणि त्याने असंख्य रोग्यांना दीर्घ आयुष्य दिले आहे. तेथे मात्र वाढीचे मुख्य मूळ एका विकरात होते. पेशीच्या प्रवासाला असे एकच मूळ नसते. तिला वाटा अनेक आहेत. प्रवास थांबविणाऱ्या औषधांवर संशोधन चालूच आहे. परंतु तोंडाच्या कर्करोगाला कुंपणाआड कोंडून ठेवील अशी एमएमपी-निरोधक गोळी आज कोणत्याही दवाखान्यात उपलब्ध नाही.

हे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. कारण अर्धवट ऐकलेल्या शास्त्रीय माहितीवर खोटी आशा विकणारे लोक सर्वत्र असतात. हळदीतील द्रव्य प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत काही विकरांना मंद करते, हे खरे आहे. पण खाल्लेल्या हळदीपैकी फारच थोडे ते द्रव्य रक्तात उतरते, आणि हळदीने तोंडाचा कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. डॉक्सिसायक्लीन हे जंतुनाशक औषध अल्प मात्रेत एमएमपींना रोखते. हिरड्यांच्या रोगासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये त्यास मान्यताही मिळाली. तथापि ते कर्करोगावरील औषध नव्हे. काचेच्या बशीपासून माणसाच्या शरीरापर्यंतचे अंतर किती मोठे आहे, हे मॅरिमास्टॅटच्या कथेने दाखवून दिले आहे.

शस्त्राची भीती

गावोगाव एक समजूत रूढ आहे. तोंडातील चट्ट्याला डॉक्टरांनी शस्त्र लावले, तुकडा तपासणीस काढला, की रोग अंगभर पसरतो, असे म्हणतात. या भीतीपोटी कित्येक रोगी तपासणी टाळतात. पेशी कशी प्रवास करते हे समजून घेतल्यावर या समजुतीचा विचार करणे सोपे जाते. पेशी बाहेर पडते ती स्वतःच्या कात्रीने आणि स्वतःच्या हालचालीने. ती डॉक्टरांच्या चाकूची वाट पाहत बसत नाही. तुकडा काढल्यामुळे पेशी इतरत्र रुजण्याचा धोका अतिशय अल्प आहे. तुकडा न काढल्यामुळे मात्र रोगाला महिनोन्‌महिने मोकळे रान मिळते. तपासणीनंतर रोगी दगावला, तर लोक दोष शस्त्राला देतात. वास्तविक तो पुष्कळदा उशिराने आलेला असतो. बागायतदार डिंक्याच्या खोडाला चाकू लावताना रोग पसरेल म्हणून थांबत नाही. न लावल्यास पसरेल हे त्याला ठाऊक असते.

शस्त्रक्रिया वेळेवर व पुरेशी झाल्यास काय साधते, याचा उत्तम पुरावा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने जगापुढे ठेवला. याच रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुखाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रोग्यांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याच परंपरेत डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुन्या वादाचा निकाल लावला. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत आहे आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा वेळी मानेतील ग्रंथी लगेच काढाव्यात, की गाठ दिसल्यावर काढाव्यात, हा तो वाद होता. ५०० रोग्यांच्या अभ्यासात, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते; वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताला काही लागण्यापूर्वीच अनेकांच्या पेशी कुंपण ओलांडून मानेपर्यंत गेलेल्या असतात, असा याचा अर्थ आहे. रोग किती रुंद आहे याबरोबरच तो किती खोल उतरला आहे, हे २०१७ पासून तोंडाच्या कर्करोगाची अवस्था ठरविताना मोजले जाते, ते याच कारणाने.

गावपातळीवरील कर्तव्य

औषधाला जे साधले नाही, ते नुसत्या डोळ्यांना साधू शकते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्या लोकांत अशा तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी लागले ते प्रशिक्षण, उजेड आणि चिकाटी. देशातील प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरतात, असे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले होते. तेव्हा तपासावयाची तोंडे थोडी नाहीत.

प्रत्येकाने पुढील चिन्हे ध्यानात ठेवावीत. गालात, जिभेवर किंवा हिरडीवर पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा. पंधरा दिवसांत भरून न येणारी जखम. न दुखणारी पण वाढत जाणारी गाठ. आणि तोंड पूर्ण न उघडणे. स्वतःची तीन बोटे उभी धरून ती दातांच्या मधून आत जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून काळजी नाही, असा हिशेब येथे चालत नाही. आरंभीचा कर्करोग पुष्कळदा दुखतच नाही.

शिक्षकांचे काम याहून आधीचे आहे. मध्यप्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आली, परंतु सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या मिळतात व खर्रा हाताने घोटला जातो. गोड सुपारी तर मुलांच्या हाती खाऊ म्हणून पडते. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलेले आहे. ही गोष्ट पालकसभेत एकदा जरी सांगितली गेली, तरी काही गाल ताठ होण्यापासून वाचतील. भैकेराच्या शेपटीचा प्रयोग विज्ञानाच्या तासाला सांगितल्यास मुलांना तो गोष्टीसारखा आवडेल आणि त्यातून पुढचे सारे समजेल.

कर्मचाऱ्यांची जबाबदारी चिठ्ठी लिहून संपत नाही. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या तोंडाची तपासणी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. आशा कार्यकर्तीने संशयित रोगी आरोग्य केंद्राकडे पाठविला, केंद्राने मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पण रोगी तेथे पोहोचला का, हे पाहणारा कोणीतरी असावा लागतो. कापसाची वेचणी आटोपू द्या, बहाराची तोडणी होऊ द्या, मुलीचे लग्न उरकू द्या, असे म्हणता म्हणता हंगाम निघून जातो. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय या भागातील माणसाला परके नाहीत. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार या योजनेखाली मिळेल, याची चौकशी निघण्यापूर्वी करून देणे, हीसुद्धा एक सेवाच आहे.

शास्त्राने कात्री ओळखली, कुलूप घडविले, आणि ते कुलूप का चालले नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले. पेशीने कुंपण ओलांडण्यापूर्वीचा काळ हाच माणसाच्या हातचा काळ आहे, असा त्या साऱ्याचा निष्कर्ष आहे. झाडाच्या बुंध्याशी वाकून डिंक पाहणारा बागायतदार हा काळ ओळखतो. तेच डोळे त्याने आरशासमोर उभे राहून एकदा स्वतःच्या तोंडात, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडातही, घालावेत. चट्टा दिसला, तर तोडणी थांबू शकते. पेशी थांबत नाही.